मालवणची सुट्टी: भरती-ओहोटी बघून आखायचे चार दिवस

मालवणला निघालेली बहुतेक मंडळी ठिकाणांची यादी घेऊन येतात. सिंधुदुर्ग किल्ला, स्कूबा, डॉल्फिन, त्सुनामी आयलंड, तारकर्लीचा किनारा. यादी बरोबर असते, वेळा चुकतात. पाणी चढलेलं असताना देवबागच्या संगमावर पोचलात तर ज्या वाळूवर उभं राहायचं ती वाळूच सापडत नाही. उधाणात स्कूबाला उतरलात तर पैसे तेवढेच जातात आणि दिसतं ते गढूळ पाणी. या किनाऱ्यावर कुठली गोष्ट कधी करायची हे समुद्र ठरवतो, आणि त्याचं वेळापत्रक कुणालाही आधी कळू शकतं. म्हणून तिकीट काढण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर उघडा.

पहिली पायरी: महिना

पाण्यात उतरायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाचा गाळ तोवर खाली बसलेला असतो, वारा सकाळी शांत असतो आणि दुपारीही वाळूत पाय ठेवता येतो. मार्चपासून घाम वाढतो, पण त्याच वेळी ओल्या काजूची उसळ ताटात येते. एप्रिल-मे म्हणजे हापूस, फणस, करवंदं आणि तुडुंब गर्दी. लहान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर मे महिना मी सुचवणार नाही. दमट हवेत ती पहिल्या दुपारीच थकतात.

मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, कारण हा माशांच्या विणीचा काळ. या दिवसांत हॉटेलात मिळणारी सुरमई बहुधा बर्फातली असते. पावसाळ्यात यायचंच असेल तर हिरवाई बघायला या, खाडीतले मासे आणि सुकी मासळी खा, समुद्र लांबून बघा. नारळी पौर्णिमेला मात्र मालवण बंदरावर जरूर असा. किल्ल्यातून वाजतगाजत येणारा मानाचा नारळ समुद्राला अर्पण होतो आणि नंतर नारळ लढवण्याच्या पैजा रंगतात.

गणेशोत्सव, दिवाळी आणि नाताळ या तीन सुट्ट्यांना खोल्या मिळणं अवघड. चौथी वेळ बाहेरच्यांना ठाऊक नसते: आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा. साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये ती येते. तिची तारीख पंचांगात नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. लाखो माणसं येतात, रेल्वेपासून रिक्षापर्यंत सगळं भरलेलं असतं. जत्रेसाठी येत असाल तर आनंदच आहे. नुसत्या किनाऱ्यासाठी येत असाल तर ते चार दिवस टाळा.

दुसरी पायरी: तिथी

कोकणातला जुना हिशोब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. जे उत्तर येईल, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती, दिवसाही आणि रात्रीही. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती. भरतीपासून सहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे अष्टमीला दुपारी बाराला. पौर्णिमा आणि अमावास्येला भरती साडेअकरा-बाराच्या सुमारास येते आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळ साडेपाच-सहाला. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. हिशोबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी मोबाईलवर मालवणच्या भरतीचं कोष्टक पडताळून घ्या.

वेळेइतकंच महत्त्वाचं आहे ते पाणी किती चढतं-उतरतं. पौर्णिमा-अमावास्या आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाणाचे. पाणी खूप वर येतं, खूप खाली जातं, प्रवाह जोरात धावतो आणि तळाची वाळू ढवळते. अष्टमी ते दशमीचे दिवस भांगाचे. चढउतार कमी, प्रवाह मंद, पाणी निवळ.

आता निवड करा. स्कूबा आणि पाण्याखालचं जग हेच मुख्य आकर्षण असेल तर सप्तमी ते दशमी असे चार दिवस धरा आणि पाण्यात उतरायला नवमी किंवा दशमीची सकाळ ठेवा. सात-साडेसातला भरती पूर्ण होते, बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं आणि प्रवाह जवळजवळ थांबलेला असतो. मुलांना घेऊन वाळूत फिरायचं, खडकांतले खेकडे आणि शिंपले बघायचे असतील तर पौर्णिमेच्या आसपास या. संध्याकाळी पाणी लांब गेलेलं असतं, सूर्यास्ताला किनारा सर्वांत रुंद मिळतो आणि रात्री चांदणं असतं.

तिसरी पायरी: पोचणं आणि राहणं

मालवणला रेल्वे येत नाही. कुडाळला उतरणं सोयीचं, तिथून मालवण साधारण ३० किलोमीटर. कोकणकन्या, मांडवी, तुतारी या गाड्या तिथे थांबतात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि सुट्टीच्या दिवसांचं पटकन संपतं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तिकिटावरची वेळ नीट वाचा. पुण्या-कोल्हापूरहून गाडीने येणाऱ्यांना फोंडा, करूळ किंवा आंबोली हे घाट आहेत. मुंबईहून महामार्ग ६६ धरून आलात तर कसालला मालवणचा फाटा लागतो. चिपीला विमानतळ आहे, पण त्या दिवशी विमान आहे का ते बघूनच बेत करा.

कुडाळहून मालवणला येताना धामापूरचा तलाव रस्त्यातच लागतो. १५३० साली बांधलेला हा तलाव आजही गावाला पाणी देतो. काठावर भगवतीचं मंदिर आहे, गर्द झाडी आहे. अर्धा तास थांबा.

राहायला तीन प्रकारच्या जागा. मालवण गावात राहिलात तर बंदर, बाजार आणि खानावळी पायाखाली. तारकर्लीला राहिलात तर खोलीतून उठून थेट किनाऱ्यावर. देवबाग ही समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामधली अरुंद पट्टी, एका बाजूला लाटा आणि दुसऱ्या बाजूला संथ खाडी. पहिल्यांदा येणाऱ्यांनी देवबाग-तारकर्लीत घरगुती निवासात राहावं असं मला वाटतं. यजमान घरचेच असल्याने ते समुद्राचा अंदाज हॉटेलच्या काउंटरपेक्षा नीट सांगतात. खोली ठरवताना फोनवर चार गोष्टी विचारा: किनारा चालत किती मिनिटांवर, जेवण घरात बनतं की बाहेरून येतं, वीज गेली तर सोय काय, आणि गाडी दारात येते का. देवबागचा रस्ता अरुंद आहे, मोठ्या गाड्यांची अडचण होते.

शांतता हवी असेल तर मालवणच्या उत्तरेला तोंडवळी-तळाशील बघा. तिथे खेळ, बोटी, दुकानं फारशी नाहीत. सुरूची बनं आणि लांबच लांब वाळू आहे.

चौथी पायरी: पहिला दिवस बंदरावर घालवा

प्रवासाने दमलेलं असताना पाण्यात उतरू नका. संध्याकाळी मालवणच्या बंदरावर जा. होड्या लागतात, टोपल्या उतरतात आणि मासळीचा लिलाव सुरू होतो. लिलाव चालू असताना मध्ये उभं राहून फोटो काढू नका, ती त्यांच्या पोटाची वेळ आहे. बाजूला थांबलात तर कुठला मासा आज आला, कुठला महाग गेला हे कळतं आणि उद्याच्या जेवणात काय मागायचं हेही ठरतं.

मासे विकत घेऊन यजमानांकडून करून घेणार असाल तर कल्ले उघडून बघा, ताजा मासा आतून लालबुंद असतो. डोळा फुगीर आणि चकचकीत हवा, अंगावर बोट दाबलं तर खळगा राहता कामा नये. तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, घेताना तोंड मिटलेल्या घ्या. लहान मासळीचा वाटा लावलेला असतो, घासाघीस करायची तर हसतखेळत करा.

दुसऱ्या दिवशी पहाटे चिवला किंवा दांडीच्या किनाऱ्यावर रापण लागते का ते विचारून ठेवा. होडीतून अर्धवर्तुळात जाळं टाकतात आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरची माणसं ओढत आणतात. दोराला हात लावू का असं विचारलं तर बहुधा कुणी नाही म्हणत नाही. मुलांना मासा कुठून येतो हे दाखवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. रोज रापण लागतेच असं नाही, वारा आणि पाणी बघून ठरतं.

पाचवी पायरी: सिंधुदुर्ग

किल्ल्याला सकाळची पहिली-दुसरी होडी धरा. दहानंतर तटावर सावली मिळत नाही आणि गर्दीही वाढते. होडीवाले साधारण तासाभराचा वेळ देतात, तो कमी पडतो. चढण्याआधीच सांगून ठेवा की आम्ही उशिराच्या होडीने परतू, आणि शेवटची होडी कितीला आहे ते विचारून घ्या.

निघण्याआधी किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा बघा. त्या खडकावर गणपती, चंद्र आणि सूर्य कोरलेले आहेत. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांच्या हस्ते पायाभरणीची पूजा इथे झाली आणि समोरच्या कुरटे बेटावर पुढच्या तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. हिरोजी इंदुलकरांनी तो बांधला. पायाच्या दगडांत शिसं ओतलं. ४८ एकरांचा पसारा, सुमारे तीन किलोमीटर तट, आणि तो तट सरळ न नेता नागमोडी नेलेला. होडी भिंतीला लागेपर्यंत दरवाजा दिसत नाही. होडीतून येताना मुद्दाम दरवाजा शोधा, म्हणजे बांधणाऱ्याच्या बुद्धीचा अंदाज येतो.

आत गेल्यावर क्रम असा ठेवा. आधी दरवाजाजवळ चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे. मग राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर. इथली महाराजांची मूर्ती आपण चित्रांत बघतो तशी नाही, तिला दाढी नाही. चपला बाहेर ठेवा, आवाज खाली ठेवा, इथे रोज पूजा होते. नंतर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी. चारी बाजूंनी खारं पाणी असताना त्यांचं पाणी गोड आहे. शेवटी तटावर चढा आणि पश्चिमेच्या बाजूला जितकं चालवेल तितकं चाला. कठडा नाही, मुलांचा हात धरा.

किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात, कोकम सरबत आणि ताक विकतात. ते त्यांच्याकडूनच घ्या. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यात सिंधुदुर्ग आहे. प्लास्टिकची बाटली इथे टाकणाऱ्याला मी तरी हटकतो, तुम्हीही हटका.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास असाल तर संध्याकाळच्या ओहोटीला दांडीच्या किनाऱ्यावरून पद्मगड या जवळच्या छोट्या किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं. पाणी उतरत असतानाच निघा आणि चढायला लागण्याआधी परत या. स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय हे करू नका.

सहावी पायरी: पाण्याखाली

किल्ल्याच्या परिसरात प्रवाळ आहे, आणि १९८७ मध्ये या भागात सागरी अभयारण्य जाहीर झालं. पर्यटकांना जो स्कूबा करवतात त्यात तुमच्याबरोबर एक पाणबुड्या असतो, तो तुम्हाला धरून खाली नेतो. पोहता आलंच पाहिजे असं नाही, पण पाण्याची भीती कमी असली पाहिजे. ज्यांना खरोखर शिकायचं आहे त्यांच्यासाठी तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे प्रमाणपत्राचे अभ्यासक्रम होतात.

आदल्या संध्याकाळी होडीवाल्याला एकच प्रश्न विचारा: "दादा, उद्या पाणी कसं?" चांगला माणूस असेल तर "गढूळ आसा, परवा येवा" असं सरळ सांगतो. अशा माणसाकडेच जा. मग हे बघा. होडीवर नोंदणी क्रमांक आहे का, प्रत्येकाला जीवरक्षक जॅकेट आहे का, किती माणसं चढवतात, आणि खाली उतरण्याआधी हातखुणा नीट शिकवतात का. जॅकेट होडीत बसतानाच घाला, ओलं झाल्यावर नाही. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला. जॅकेट नाही तर होडी नाही, एवढा नियम घरातल्या सगळ्यांना लावा.

सर्दी झाली असेल, कान दुखत असेल तर उतरू नका. दमा, हृदयविकार, फिट्स येणं, गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांत डॉक्टरांचं स्पष्ट हो असल्याशिवाय नाही. न्याहरी हलकी करा, होडी लागत असेल तर गोळी अर्धा तास आधी घ्या. खाली जाताना कानाला दाब जाणवताच नाक चिमटीत धरून नाकाकडे हलकेच हवा ढकला. दुखायची वाट बघू नका. श्वास कधीही रोखून धरू नका. मुखवट्याच्या कडेत केस अडकले की पाणी शिरतं, ते मागे सारून घ्या. प्रवाळाला हात लावू नका, त्यावर उभं राहू नका. तो जिवंत असतो आणि बोटभर वाढायला त्याला वर्षं लागतात. वर आल्यावर त्याच दिवशी विमान पकडू नका, मध्ये १८ तास जाऊ द्या.

सातवी पायरी: देवबागचा संगम

कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचा दांडा आहे, त्यालाच त्सुनामी आयलंड म्हणतात. ओहोटीला दोन तास असताना होडीने निघा. वाळू उघडी होत जाते, पाणी गुडघ्याएवढं असतं आणि मुलं बिनघोर खेळतात. भांगाच्या दिवसांत ही वेळ भर दुपारची येते, तेव्हा डोक्याला टोपी आणि अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच.

संगमाच्या अगदी तोंडाशी मात्र उतरू नका. ओहोटीला अख्ख्या खाडीचं पाणी त्या चिंचोळ्या वाटेने बाहेर पडतं आणि ओढ जबरदस्त असते. वरून पाणी संथ दिसतं, तेच फसवं.

याच बोटींतून डॉल्फिन दाखवायला नेतात. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना ते दिसण्याची शक्यता जास्त. होडी त्यांच्या मागे पळवू नका असं होडीवाल्याला आधीच सांगा. इंजिन मंद करून थांबलं तर कित्येकदा तेच जवळून जातात.

आठवी पायरी: एक दिवस दक्षिणेला

देवबागहून भोगवे समोर दिसतं. होडीने काही मिनिटं, रस्त्याने मात्र कर्लीच्या पुलाचा मोठा वळसा. भोगवे, मग निवतीचा छोटा किल्ला, परतताना सूर्यास्त तिथून बघावा. अजून पुढे वेंगुर्ल्यात जुनी डच वखार आणि बंदरावरची टेकडी आहे. शिरोड्याची मिठागरं १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाची जागा. तिथून रेडीच्या गणपतीपर्यंत जाऊन परत फिरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये येत असाल तर वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीला किंवा देवगडकडच्या तांबळडेगला कासवांची पिल्लं सोडणार आहेत का, ते वनखात्याकडे किंवा यजमानांकडे विचारा. ऑलिव्ह रिडले कासवाची अंडी सुमारे ५० दिवसांनी फुटतात, त्यामुळे दिवस आधी पक्का सांगता येत नाही.

पाण्यात उतरण्याआधी

तारकर्लीचा किनारा शांत दिसतो म्हणून लोक खोल जातात. लाटा सगळीकडे फुटत असताना मध्येच एक पट्टा सपाट आणि गडद दिसला तर तिथे पाणी आत ओढतंय असं समजा. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे पोहू नका, दमाल. तरंगत राहा, किनाऱ्याला समांतर सरका, ओढ संपली की बाहेर या. कुणी बुडताना दिसलं तर त्याच्या मागे उडी मारण्याआधी दोर, रिकामा कॅन, जॅकेट, जे तरंगेल ते फेका आणि जीवरक्षकाला हाक मारा. आणीबाणीला ११२, तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४. दारू पिऊन पाण्यात नाही. अंधार पडल्यावर पाण्यात नाही. उंच लाटांचा इशारा हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेकडून येतो, तो असेल तर घोट्यापलीकडे जाऊ नका.

ताट

दुपारी काय हवं ते सकाळीच सांगा, कारण घरगुती खानावळीत मोजून स्वयंपाक होतो. सुरमई-पापलेट सगळेच मागतात. तुम्ही तिरफळ घातलेला बांगडा मागा, तिसऱ्यांचं सुकं मागा, उकड्या तांदळाचा भात मागा. न्याहरीला घावणे किंवा आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ. शिरवाळे म्हणजे तांदळाच्या शेवया, नारळाच्या गोड रसातल्या, हे आदल्या दिवशी सांगितलं तरच मिळतात. शाकाहारी मंडळींनी घाबरू नये, फणसाची भाजी आणि काजूची उसळ इथे मानाने वाढतात. सोलकढी शेवटी भाताबरोबर.

हिवाळ्यात आलात तर रात्री कुठे दशावताराचं नाटक आहे का ते विचारा. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रांत तो होतो, पहाटेपर्यंत चालतो, तिकीट नसतं. स्वेटर आणि बसायला चटई घेऊन जा. भर दुपारी काय करायचं असा प्रश्न पडला तर कुडाळजवळचं पिंगुळी गाठा. ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला, आणि कळसूत्री बाहुल्या तिथे बघायला मिळतात. ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

परतताना

बाजारातून मालवणी खाजा, साल काजू, मालवणी मसाला आणि आगळ घ्या. आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा घट्ट रस, सोलकढी त्याचीच होते. गोड सरबताची बाटली निराळी असते, लेबल वाचून घ्या. आगळाची बाटली बुचाला मेणबत्तीचं मेण लावून किंवा दोन पिशव्यांत बांधूनच बॅगेत ठेवा, त्याचा डाग कपड्यावरून जात नाही. सुके बांगडे घेणार असाल तर हवाबंद बांधून मागा, रेल्वेच्या डब्यात शेजारीही माणसंच असतात. कुडाळची गाडी सकाळची असेल तर खरेदी आदल्या संध्याकाळी उरकून रिक्षा रात्रीच ठरवून ठेवा. पहाटे देवबागात ती आयत्या वेळी मिळत नाही.